साळूचा पट

जनावरं एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही हकिकत. करवंदीच्या रानात घरोघरी वाघ-बकरीच्या खेळाचा पट होता. एकदा कोल्ह्याने टेकडीवर खेळघर उघडलं.

"पट सांभाळायची कटकट कशाला? ते मला द्या, रोज थोडी बोरं आणा आणि हवा तो खेळ खेळा!"

सगळ्यांनी पट देऊन टाकले. काटेरी साळूने मात्र दिला नाही.

"साळूताई, तू जुनाटच राहिलीस!" ससा हसला.

"असेन. पण माझा खेळ खेळायला मी कुणाची परवानगी मागणार नाही."

उन्हाळ्यात बोरं संपली. कोल्ह्याने सगळे पट उचलले आणि तो दुसऱ्या रानात निघून गेला. ससा रडवेला होऊन साळूकडे आला.

"माझा एक पट सगळ्यांना कसा पुरणार?" साळू म्हणाली. "चल, नवे करू."

तिने आपला एक काटा सशाच्या हातात दिला. सपाट दगडावर रेघा ओढताना त्याचे पंजे सोलवटले, पण तो थांबला नाही. मग माकडही आलं, भेकरही आलं.

पावसाळ्यानंतर कोल्हा परतला. "नवं खेळघर काढतोय. येणार ना?"

सशाने पटावरची नजर हलवली नाही. "खेळायचं असेल तर बस, कोल्होबा. माकडानंतर तुझी पाळी."