धनेशाची भिंत

डोंगराच्या कुशीतल्या एका गर्द रानात एक धनेश पक्षी राहत असे. मुलांनो, तुम्ही धनेश पाहिला नसेल, तर एवढेच लक्षात ठेवा, की त्याची चोच भलीमोठी पिवळीधमक असते आणि त्याच्या जातीत एक फार जुनी रीत आहे. अंडे घालायची वेळ आली, की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि दोघे मिळून ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून टाकतात. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवतात. आत मादीची पिसे झडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर नराने फळे आणायची आणि फटीतून तिला भरवायची.

आपला धनेश हे मनापासून करी. दोन फेऱ्यांच्या मधे तो ढोलीजवळच्या फांदीवर बसून विचार करी, आणि जे सुचेल ते आधी बायकोला सांगे.

"अगं, ऐकतेस का? ही भिंत आतल्याला राखते आणि बाहेरच्याला बांधून ठेवते."

आतून धनेशीण म्हणे, "छान आहे. पण बाहेरच्याचं आधी सांगत जा. नाहीतर लोक अर्धंच ऐकून उठून जातील."

त्याचे बोलणे ऐकायला हळूहळू बरेच पक्षी जमू लागले. "जे इतकी वर्षं टिकलं, ते उगाच टिकलेलं नसतं. समजून घेतल्याशिवाय ते मोडू नये," असे तो सांगे. एकदा नदीकाठची टिटवी मान वाकडी करून म्हणाली, "धनेशभाऊ, माझी आजी, पणजी उघड्या दगडगोट्यांत अंडी घालत आल्या. तेही टिकलंच की! मग तेही खरं का?" ती सगळी दुपार धनेशाने त्या एका प्रश्नावर घालवली, आणि त्याला ती फार आवडली.

एका वर्षी रानात एक धामण शिरली. आज या घरट्यातली अंडी गेली, उद्या त्या घरट्यातली. म्हातारा मोर तेव्हा रानाचा प्रमुख होता. कोणी रडत आले, की तो "बघू या" म्हणे आणि पिसारा आवरून झोपी जाई. धनेशाच्या ढोलीला मात्र धामणीने तोंडही लावले नव्हते. मग सगळे त्याच्याकडे आले. "तुम्हीच आता आमचे प्रमुख व्हा," ते म्हणाले.

वडाखाली सभा भरली. धनेश बोलायला उभा राहिला. "भिंत आतल्याला राखते," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द तोंडातून निघण्याआधीच पंखांचा असा काही कडकडाट झाला, की त्याला थांबावे लागले. पोपटांनी ते वाक्य उचलले आणि रानभर नेले. राहिलेले अर्धे वाक्य सांगायचे धनेशाच्या मनात होते. पण पुढच्या सभेतही तसेच झाले, आणि त्याच्या पुढच्या सभेत त्याला त्याची आठवणही झाली नाही. तो कडकडाट त्याला गोड वाटू लागला होता.

तो प्रमुख झाला आणि त्याने नियम केला, की रानातल्या प्रत्येक घरट्याला भिंत हवी आणि प्रत्येक आई भिंतीआड हवी. रानात दुफळी माजली. कोणी म्हणे, धनेशाने रान वाचवले. कोणी म्हणे, याने रानाचा तुरुंग केला. टिटवी भर सभेत उठली.

"दगडावर भिंत कशी बांधू, भाऊ? आणि बांधलीच, तर मला भरवायला कोण येणार?"

पूर्वीचा धनेश असता, तर तो विचारात पडला असता. आता सगळे रान त्याच्या तोंडाकडे पाहत होते. "ज्याला नियम नको, त्याला रान नको," तो म्हणाला. पुन्हा कडकडाट झाला. टिटवी नदीपलीकडे निघून गेली. धनेशाने तिच्यामागे जायला पंख उघडले, पण पोपट त्याला पुढच्या सभेला घेऊन गेले.

त्या हंगामात धनेशीण नेहमीप्रमाणे ढोलीत बसली. दोघांनी भिंत लिंपली. पहिले काही दिवस त्याने फेऱ्या केल्या. मग सभा वाढल्या आणि त्याने फळे पोचवायचे काम पोपटांना सांगितले. पोपटांनी वाटेतच त्यांवर ताव मारला. कधीतरी तो स्वतः धावतपळत येई, फळ फटीत सरकवी आणि निघू लागे.

"अहो, जरा बसा ना," आतून आवाज येई. "आज काय सुचलं ते तरी सांगा."

"आज सुचायला वेळ कुठला? उद्या नक्की बसतो."

मग पलीकडच्या खोऱ्यातून बोलावणे आले. तिथल्या पक्ष्यांनाही भिंतीचे भाषण ऐकायचे होते. धनेश गेला. एक सभा झाली, लोकांनी आणखी एक मागितली, मग आणखी एक. रोज रात्री त्याला वाटे, सकाळी निघावे. सकाळी कोणीतरी त्याच्यासाठी नवी फांदी सजवलेली असे.

शेवटी तो परतला तेव्हा ढोलीचे तोंड उघडे होते. चिखलाची ढेकळे मुळांशी पडली होती. आत एक अंडे होते. धनेशाने त्याला चोच लावली. ते थंडगार होते.

तो हाका मारत रानभर फिरला. अखेर नदीपलीकडे, दगडगोट्यांमध्ये त्याला ती दिसली. अर्धीमुर्धी पिसे, खोल गेलेले डोळे. शेजारी टिटवी पहारा देत होती. उपाशी धनेशीण ढोलीतून खाली कोसळली, धडपडत नदीच्या उथळ पाण्यापर्यंत आली, तेव्हा टिटवीनेच ओरडून ओरडून मागावरच्या कोल्ह्याला दूर ठेवले होते आणि तिला वाट दाखवत पलीकडे आणले होते.

"तू भिंत मोडलीस?" धनेशाच्या तोंडून कसेबसे निघाले.

"तुम्ही आला नाहीत, त्याच दिवशी ती मोडली," धनेशीण म्हणाली. "मी फक्त माती बाजूला सारली."

"चल, घरी जाऊ."

"किती हाका मारल्या मी तुम्हाला त्या फटीतून," ती म्हणाली. "आता हाक मारायची म्हटली, तरी आवाज निघत नाही."

धनेशाने त्याच दिवशी प्रमुखपद सोडले आणि नियमही रद्द केला. टिटवीची त्याने सर्वांसमोर क्षमा मागितली. ती परत आली. धनेशीण मात्र पंखांत बळ येताच डोंगरापलीकडच्या रानात उडून गेली.

पुढे कित्येक हंगाम आले. धनेश ढोली झाडून ठेवी, उंबराची चांगली पिकलेली फळे निवडून आणी आणि फांदीवर बसून राही. त्याला पुन्हा सुचू लागले होते, पण सांगायला कोणी नव्हते. कुठलाही धनेश उडतो तेव्हा त्याच्या पंखांचा घरघराट लांबून ऐकू येतो. आभाळात तो आवाज उठला, की तो चोचीतले फळ तसेच धरून मान वर करी. थवा डोक्यावरून निघून जाई. आवाज विरेपर्यंत तो ऐकत राही, आणि मग हळूच मान खाली घेई.

तात्पर्य : ज्या रीतीचे ओझे आपण स्वतः रोज वाहतो, तिचाच उपदेश दुसऱ्याला करावा; टाळ्यांसाठी ते ओझे खाली ठेवले, तर आपले माणूस दुरावते आणि मग वाट पाहणेच हाती उरते.