याजीचा कडा

साळवगडाच्या पश्चिमेला दरी आहे आणि दरीपलीकडे काळा, सरळ तुटलेला कडा. गावात त्याला याजीचा कडा म्हणतात. दरीच्या अलीकडच्या टोकावर एक दगडी ओटा आहे. पाहुणे दमून त्यावर टेकले, की देवळाचे म्हातारे गुरव धाकलूबाबा आधी त्यांना उठवतात. "ती राणीसाहेबांची जागा. तुम्ही खाली बसा," म्हणतात, आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी साळवगडाला राज्य होते. राज्य म्हणजे एक गड, भोवतीची थोडी गावे आणि त्या मानाने जरा मोठाच दरबार. राजाला मुलगा नव्हता, सरजाबाई ही एकुलती मुलगी. राजा गेला आणि सरजाबाई गादीवर बसली. तिचे लग्न आधीच झाले होते, खालच्या वाडीतल्या एका साध्या शिलेदाराशी. तो घरजावई होऊन गडावर आला होता. त्याचे नाव रायाजी.

पेच इथेच पडला म्हणे. राजाची बायको राणी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण राणीचा नवरा कोण? राजा म्हणावे तर गादी त्याची होते. कारभारी नारोपंतांनी सगळ्या पोथ्या उलगडल्या, पण राणीच्या नवऱ्याची सोय कोणत्याच शास्त्रकाराने केलेली नव्हती.

"मग नावाने हाक मारा," सरजाबाई म्हणाली.

"तेच अवघड आहे, राणीसाहेब. नावातच राया आहे. चोपदाराने भर दरबारात राया म्हटले, की शेजारचे म्हणणार, साळवगडाने राजा बसवला. ते टपलेलेच आहेत."

"आईबापांनी ठेवलेलं नाव आहे ते."

"आईबापांनी जरा पुढचा विचार करायला हवा होता," पंत म्हणाले.

बिरुद सापडेपर्यंत नाव बंद ठेवायचे ठरले. सरजाबाई तर बायकोच. लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच, एरवी ती नाव घेत नसे. 'इकडची स्वारी' म्हणे. आता दरबाराने इकडची कसे म्हणायचे? म्हणून दरबार 'तिकडची स्वारी' म्हणू लागला. चोपदार तसेच पुकारू लागला. दसऱ्याला रायाजीची बैठकही तिकडे, खांबाआड मांडली गेली.

सरजाबाईला ते दिसे. पण शेजारच्याची फौज सीमेवर होती आणि गादी नवी होती. वडील गेल्यावर तिला 'सरजा' म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. एका तिन्हीसांजेला तो म्हणाला, "सरजा, तू तरी एकदा नावानं हाक मार."

ती हसली. "अगंबाई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणावं तेच तर सापडत नाहीये," तो म्हणाला, आणि तोही हसला. ते हसणे तिच्या मनातून पुढे कधी गेले नाही, असे सांगतात.

त्यानंतर रायाजी रोज संध्याकाळी या टोकावर येऊन उभा राहू लागला. गुराख्यांनी गडावर बातमी नेली, की तिकडची स्वारी कड्याकडे तोंड करून स्वतःलाच हाका मारते. दरबार गालातल्या गालात हसला. सरजाबाईने मान खाली घातली आणि मनाशी निश्चय केला, की येत्या दसऱ्याला भर दरबारात मीच नाव घेईन. मग गादी राहो वा जावो.

दसरा यायचा होता. मध्ये श्रावण आला, आणि एका संध्याकाळी असे धुके उतरले की हाताला हात दिसेना. रायाजी परतला नाही. शिपाई टोकाच्या वाटेवर उभे राहून ओरडू लागले, "तिकडची स्वारी होऽऽ, तिकडचीऽऽ!" आवाज समोरच्या कड्यावर आपटून उलटा येई. धुक्यात चुकलेल्या माणसाला चहूकडून 'तिकडची, तिकडची' ऐकू आले. तो तिकडे गेला.

सरजाबाई अनवाणी धावत आली. आजूबाजूला शिपाई होते, कारभारी होते. तिने कोणाकडे पाहिले नाही.

"रायाजीऽऽ!"

कड्याने पहिले अक्षर गिळले. राजेपणाचा तेवढा 'रा' त्यानेही दिला नाही. पलीकडून आले, "...याजी."

"ऐका," ती म्हणाली, "या जी म्हणताहेत." आणि मग तिचा आवाज फुटला. घरात 'ये गं सरजा' म्हणणारा माणूस तिला दरबारी रीतीने बोलावत होता.

धुके निवळले तेव्हा दरीत कुणी दिसले नाही. झुडपाला अडकलेले पागोटे तेवढे मिळाले. नारोपंतांना अखेर बिरुद सापडले: कैलासवासी. त्याला शेजारच्यांचीही हरकत नव्हती. राणीने ते लावू दिले नाही. "नुसतं रायाजी म्हणा," म्हणाली, आणि तो शब्द चोपदाराला तिनेच म्हणून दाखवला. शेजारचे चालून आले नाहीत. त्यांनी मनावरच घेतले नव्हते म्हणे.

पुढे तिने राज्य चांगले केले. पण रोज संध्याकाळी ती या ओट्यावर बसे, एकदा हाक मारी, उत्तर ऐके आणि गडावर परते. तिने हुकूम काढला, की साळवगडात बायकोने नवऱ्याचे नाव लपवायचे नाही.

आजही साळवगडात लग्न झाले, की जोडप्याला इथे आणतात. नवरदेव खालच्या वळणाआड जाऊन थांबतो. नवरी ओट्याशेजारी उभी राहून त्याचे नाव घेते. उखाणा नाही, यमक नाही, सरळ हाक. त्याने कड्याच्या आधी ओ द्यायची असते. शेजारच्या गावांतल्या बायका याला हसतात, आणि मग घरी जाऊन गप्प बसतात.

पाहुण्यांपैकी कोणी गंमत म्हणून 'रायाजी' ओरडायला तोंड उघडले, तर धाकलूबाबा हात वर करून थांबवतात.

"ते नाव नको," म्हणतात. "राणीसाहेबच आल्या असं वाटायचं त्यांना."