अर्पणपत्रिका

“आणि त्याच्या लेकीला लिहिता-वाचता येत होतं का?”

गुरुजींच्या या प्रश्नानं प्रोफेसर रामकृष्णपंत खांबेटे जरा गडबडले. पंचवीस वर्षं खपून त्यांनी इंग्रजांच्या त्या थोर नाटककार-कवीचं चरित्र लिहिलं होतं. तो कुठं जन्मला, मृत्युपत्रात बायकोला कोणता पलंग ठेवला, सगळं तोंडपाठ. पहिली छापील प्रत घेऊन ते पत्नीसह पुण्याहून थेट वाईला आले होते. शाळेत त्या कवीची गोडी लावणारे गुरुजी आता संन्यास घेऊन कृष्णेकाठी मठीत राहत.

“धाकट्या लेकीनं एका दस्तावर सहीच्या जागी नुसती खूण केलीय,” प्रोफेसर म्हणाले. “बहुतेक येत नसावं. पण गुरुजी, ते तळटीपेत आहे. मुख्य गोष्ट त्याची कीर्ती. सगळं जग त्याला वाचतं!”

“सगळं जग...”

गुरुजींनी पुस्तक उघडलं. अर्पणपत्रिका प्रोफेसरांच्या पत्नीच्या, उमाबाईंच्या नावे होती.

उमाबाई दाराशी उभ्या होत्या. गुरुजींनी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

“बाई, तुमचं नाव कुठं आहे, दाखवा बरं.”

“गुरुजी, तिला...”

गुरुजींनी हात वर केला.

उमाबाईंनी पदराला बोट पुसलं. ते पानावरून हळूहळू फिरलं... शेजारच्या पानावर गेलं... तळाशी टेकलं.

“हे?”

ते छापखान्याचं नाव होतं.

तिला वाचता येत नाही, हे प्रोफेसरांना ठाऊक होतं. दिसलं मात्र आज.

“तू कधी... कधी बोलली नाहीस?”

“बोलले होते की. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. मला शिकवा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, एवढं पुस्तक होऊ दे.”



गुरुजींनी कोनाड्यातली पाटी-पेन्सिल काढली, पाटी पुसली आणि दोन्ही उमाबाईंपुढे ठेवली. त्यासरशी प्रोफेसरांनी पुढे होऊन पेन्सिल उचलली.

“मी शिकवतो हिला, गुरुजी. आत्तापासून... मीच शिकवतो.”

गुरुजींनी ती पेन्सिल त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतली.

“रामकृष्णा, तू तिच्या शेजारी बस. तुलाही अजून वाचता येत नाही.”