गोठ्याचं दार

“सगळं तिच्यासाठीच केलं, माई. मग आई इथं राहत का नाही?”

हेरंबच्या आवाजात राग कमी, दुखावलेपणच जास्त होतं.

मठातल्या या माईंच्या पायाशी बसूनच तो लहानपणी अक्षरं गिरवायला शिकला. आता शहरात घरांचे आराखडे करण्यात त्याचं मोठं नाव. शेतातल्या जुन्या गोठ्याच्या धर्तीवर, त्याचंच सामान वापरून त्यानं आईसाठी नवं घर बांधलं होतं. जांभ्याच्या भिंती, उतरती कौलं, उंचावर बारीक झरोके. लोक लांबून बघायला येत.

आई दिवसभर तिथं वावरायची. दिवेलागण झाली की उशी काखेत मारून शेजारच्या सुलूकाकूंकडे झोपायला जायची. विचारलं तर म्हणायची, झोप लागत नाही रे.

माई काठी टेकत घरभर फिरल्या. जुन्या गव्हाणीचं त्यानं बाक केलं होतं, त्यावर बसून बघितलं. गार आहे, छान आहे, म्हणाल्या.

मग दारापाशी थांबल्या.

“हे गोठ्याचंच?”

“तेच. फणसाचं लाकूड. जसंच्या तसं बसवलंय. सुताराला एक नवा खिळा मारू दिला नाही मी. आई म्हणत होती काहीतरी, पण तिला यातलं काय कळतंय?”

“काय म्हणत होती?”

हेरंबला आठवेना...

त्याला आतच थांबायला सांगून माई उंबरा ओलांडून बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. बाहेर कडी सरकली.

दाराची घडण बघत असतील, असं वाटून तो उभा राहिला. बराच वेळ झाला, तेव्हा त्यानं दार ढकललं. हललं नाही.

त्यानं वरपासून खालपर्यंत हात फिरवला. आतून ना कडी, ना अडसर. गुळगुळीत लाकूड तेवढं हाताला लागलं.

बाहेर पाचोळ्यावर पावलं वाजली. कोण आहे ते कळेना. उगाचच त्यानं दार आतून दाबून धरलं.

“माई?”

पावलं दारापाशी येऊन थांबली.

“माई, तुम्हीच ना?”

“मीच रे.”

त्याचा हात सैल पडला.

“उघडा आता. कळलं मला.”

“इतक्यात?” माईंच्या आवाजात माया होती. “बस जरा. रवंथ कर.”