काठीचे दुसरे टोक

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होते, पण वारा पडला होता. थंडी सरत आली की खाडीवर असे दिवस येतात. ऊन कोवळे असते आणि तरी अंगाला चिकटते, धुके पाण्यावरून उठायला आळस करते. अशा एका सकाळी एक वृद्ध वाटाड्या ओट्यावर बसून फाटके जाळे सांधत होता. ओहोटी लागली की माणसांना खाडीच्या चिखलातून पलीकडच्या तीरावर सुखरूप न्यायचे, हे त्याचे आयुष्यभराचे काम.

त्याची एक शिष्या होती. लहानपणी ती त्याच्याकडून चिखलाच्या वाटा शिकली आणि पुढे शहरात जाऊन संगणक शिकली. नोकरी सोडून तिने एकटीने मोबाइलवरचा एक खेळ तयार केला होता. कडेवर मूल घेतलेली एक बाई खाडीत अडकली आहे. भरती यायच्या आत तिला काठावर पोचवायचे. खेळ एवढाच. पण आता बघा, ज्यांना ज्यांना तो खेळायला दिला, ते सगळे "छान आहे हो" म्हणत आणि अर्ध्यावर सोडून देत. खेळ लोकांसमोर मांडायची वेळ तर जवळ आलेली. तो पडला तर पुन्हा नोकरी शोधणे आले, आणि तिची इतकी वर्षांची आस तिथेच संपणार होती. म्हणून ती गुरूकडे आली.

"तात्या, खोटं बोलू नका हां. असेल तसं सांगा."

"खोटं बोलायला डोकं लागतं गो," म्हातारा हसला. "दे इकडे."

लुंगीला हात पुसून त्याने मोबाइल घेतला. बोट टेकवावे तिथे बाई पाऊल टाकी. चूक झाली की रुते, आणि पुन्हा आरंभीच्या जागी उभी राही. म्हातारा सावकाश खेळला.

"चिखल बरोबर रंगवलास. पाणी बघ कसं, आवाज न करता येतंय. खरं आहे."

शिष्येचा चेहरा उजळला. बाई काठाच्या अगदी जवळ आली, आणि म्हाताऱ्याने मोबाइल ओट्यावर ठेवून जाळे पुन्हा हाती घेतले.

"अहो तात्या! पाणी चढतंय. पोचवा तरी तिला!"

"राहू दे," म्हणत त्याने जाळ्याला गाठ मारली.

पडद्यावर पाणी चढत गेले आणि बाई दिसेनाशी झाली. शिष्येचे डोळे भरून आले. ज्याने जन्मात कुणाला वाटेत टाकले नाही, तो माणूस असे का करतो, हे तिला उमगेना.

तेवढ्यात शेजारची शेवंताबाई धापा टाकीत आली. "भावजी, चला लवकर. लेकीला कळा लागल्याचा निरोप आलाय पलीकडून."

"ही नेईल तुला," म्हाताऱ्याने शिष्येकडे बोट केले.

"ही? ही आता शहरातली झाली. चिखलात चपला शोधत बसेल!"

"मी मागून येतो की. चल."

त्या गावची रीत अशी, की चिखलात कुणी कुणाचा हात धरत नाही. एक रुतला तर तो दुसऱ्यालाही ओढून घेतो. म्हणून लांब बांबूची काठी असते. पुढचे टोक वाटाड्याच्या हाती, मागचे वाटसराच्या. आणि वाटाड्याने मागे वळून पाहायचे नाही, कारण वळले की पायाखालचा चिखल सुटतो.

शिष्या पुढे झाली. तिचे पाय वाट विसरले नव्हते. मध्यावर मात्र ती एकाएकी थांबली. पुढची जागा पक्की होती, पाणीही लांब होते, तरी थांबली.

"मावशी, दम घ्या जरा."

"दम कसला घेतेस, बये? लेक अडलीय तिथं!" शेवंताबाई करवादली, पण तिने श्वास घेतला. मग शिष्येने पाऊल उचलले. तिघे काठाला लागले आणि शेवंताबाई पाय न धुताच लेकीच्या घराकडे धावली.

"मध्येच कशाला थांबलीस?" म्हाताऱ्याने विचारले.

"काठी थरथरत होती. मावशींचे गुडघे..." तिने हातातल्या काठीकडे पाहिले.

तेव्हा म्हातारा म्हणाला, "तुझ्या खेळातली बाई माझं सगळं ऐकते गो. पण ती दमली, भ्याली, मूल जड झालं, हे मला कुठून कळावं? माझ्याकडून तिच्याकडे सगळं जातं, तिच्याकडून माझ्याकडे काहीच येत नाही. बुडली तर पुन्हा ताजीतवानी उभी! वाट तू फार चांगली रचलीस, डोक्याला काम दिलंस. पण माणूस न्यायचा तर नुसती वाट ओळखून भागत नाही. मघाशी तिला सोडताना माझ्या हाताला काहीच वाटलं नाही. तेवढंच तुला दाखवायचं होतं, दुखवायचं नव्हतं."

परतताना शिष्येने काठीचे मागचे टोक धरले.

खेळ मांडायचे तिने लांबवले. वाटा तशाच ठेवल्या. आता बाई भ्याली की मोबाइल हातात हलके थरथरे. घाई केली तर ती पाऊलच उचलत नसे. एकदा रुतली की पुढे बराच वेळ दबकत चाले. असा खेळ घेऊन शिष्या पुन्हा आली, तेव्हा शेवंताबाई ओट्यावर टेकली होती. लेक सुखरूप सुटून बाळाला घेऊन माहेरी आली होती, नातू शेजारी तिच्या घरात झोपला होता. म्हाताऱ्याने मोबाइल शेवंताबाईच्या हाती दिला आणि तो चहा ठेवायला आत गेला.

"शेवंता, चहा निवतोय, ये," थोड्या वेळाने त्याने हाक मारली.

शेवंताबाईने मान वर केली नाही.

"थांबा हो भावजी," ती म्हणाली, "ही भ्यालीय. हिला अशी सोडून कशी येऊ?"