निंबखोऱ्याच्या सनदेतले खळगे

निंबखोऱ्याच्या जुन्या सदरेसमोर पुरुषभर उंचीची काळी शिळा उभी आहे. पाहुणे आले की आधी तिच्यावरची अक्षरं पाहतात, मग अक्षरांमधले खळगे पाहतात आणि विचारतात, कुणा शत्रूनं फोडली का? शत्रूनं नाही. खळगे गावानंच पाडलेत. त्यातला सगळ्यात खोल, ओबडधोबड खळगा पहिला, आणि तो येसू पाथरवटणीनं पाडला, असं सांगतात.

इथं तेव्हा छोटंसं संस्थान होतं. राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण त्यानं रयतेला हक्कांची सनद दिली आणि ती दगडावर कोरून घेतली, एवढं खरं. सनदेत एक ओळ अशी होती: ‘सदरेवर उभे राहून स्वतः बोलण्याचा हक्क गावकुसातील घरधनी पुरुषांस.’ बाकीच्यांचं गाऱ्हाणं घरातल्या पुरुषानं मांडायचं. आणि गाऱ्हाणं त्या पुरुषाविरुद्धच असलं तर? तर ते घरातच राहायचं.

येसू आणि साळू एकाच गावच्या लेकी. एकाच वर्षी लग्न होऊन निंबखोऱ्यात आल्या. येसू पाथरवटांच्या घरी, साळू कुंभारवाड्यात. लहानपणापासून येसूच्या मनात एक काटा होता. साळूला सगळं न मागता मिळायचं. जत्रेत हरवली तर साळूला कुणीतरी खांद्यावर बसवून घरी आणायचं. येसू हरवली तर चालत यायची. साळूचा नवरा हसतमुख निघाला, येसूचा घुमा. पुढं दोघीही विधवा झाल्या. तेव्हा येसूला वाटलं, आता तरी बरोबरी झाली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं खरं.

येसूचा नवरा खाणीत दरड अंगावर येऊन गेला. त्याच्यामागं छिन्नी तिनं हातात घेतली आणि तिचा हात असा बसला, की आसपासच्या देवळांतली कमळं तीच घडवू लागली. पण काम यायचं दिराच्या नावानं आणि लोक म्हणायचे, “काय हात आहे सखारामाचा!” येसू खाली मान घालून दगडाची कपची झटकायची.

साळूच्या दिरानं, भिवानं, तर तिचा आवाच बळकावला. मडकी घडवायची, पण भाजायची कुठं? साळूनं मग एक केलं. रोज सकाळी एक कच्चं मडकं ती सदरेच्या पायरीवर ठेवून यायची. ऊन असलं तर ते तडकायचं, पाऊस असला तर विरघळून त्याचा चिखल व्हायचा. दोन पावसाळे तिनं हे केलं म्हणे. शेवटी राजा पायरीवर थांबला.

“हे काय आहे?”

“माझं गाऱ्हाणं आहे सरकार,” साळू म्हणाली. “बोलायची मला परवानगी न्हाई, म्हणून ठेवून जाते.”

राजानं सनदेत भर घालायचं ठरवलं. कारभारी त्रिंबकपंत सावध माणूस. त्यांनी अट घातली की हक्क तेवढ्याच वाड्यापुरता द्यावा, नाहीतर उद्या सगळ्याच दारात येतील. म्हणून शब्द ठरले: ‘व कुंभारवाड्यातील विधवांस.’

काम सखारामाकडं आलं, म्हणजे येसूकडं. तिला वाचता येत नव्हतं. कारकून गेरूनं अक्षरं आखून द्यायचा आणि ती त्या रेघांवरून छिन्नी चालवायची. साळू रोज दुपारी येऊन शेजारी बसायची. “येसू, हेच न्हवं आमच्या वाड्याचं नाव? जरा ठसठशीत काढ गं,” म्हणायची आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण येसूला ते बोट आपल्या डोळ्यात गेल्यासारखं वाटायचं. मीही विधवा. माझाही दीर. आणि हिचा हक्क मी माझ्या हातानं कोरायचा, तोही ठसठशीत!

तरी तिनं काम चोख केलं. कामात खोट करणं तिच्या हाताला माहीत नव्हतं.

शिळेची पूजा झाली त्या दिवशी साळूला कोरं लुगडं मिळालं. तिनं नव्या अक्षरांना हळद लावली, सखारामाला फेटा बांधला गेला, आणि सगळा गाव देवळात जेवायला गेला. येसू गेली नाही. भर दुपारी ती छिन्नी घेऊन शिळेपाशी आली. तिला एकच शब्द ओळखता येत होता, साळूनं रोज बोट फिरवलेला. हळदीनं पिवळा झालेला तो शब्द तिनं घाव घालून घालून काढून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात वेडावाकडा चालला. मग ती घरी जाऊन झोपली, आणि तिला गाढ झोप लागली, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी साळूचा भिवाविरुद्धचा, आव्याचा खटला होता. सदर भरली. शिळा पाहून साळू मटकन खालीच बसली. भिवा मात्र पुढं झाला.

“सरकार, कुंभारवाड्याचं नाव पुसलं गेलंय. माणसाचं काम नव्हं हे. बाईनं सदरेवर चढावं हे देवालाच पटलं नाही. देवानं पुसलं.”

गर्दीतून लोक माना डोलवू लागले. देवानंच पुसलं. देवाचाच घाव.

येसू खांबाआड उभी होती. साळूचा पडलेला चेहरा बघून तिला गोड वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण ‘देवानं’ हा शब्द तिच्या कानात तापल्या सळईसारखा गेला. कमळं सखारामाची. शिळा सखारामाची. आणि आता हा घाव, जो तिनं एकटीनं, स्वतःच्या मर्जीनं घातला, तोही दुसऱ्याच्याच नावावर?

“देवानं न्हाई!” ती ओरडली. “मी पुसलं. माझ्या छिन्नीनं. ही शिळा कोरलीही मीच, सखारामानं न्हवं!”

त्रिंबकपंत ताडकन उठले. “ए बाई, तुला इथं बोलायचा हक्क नाही.”

राजानं हात वर केला. “पंत, शिळेवर आत्ता काय आहे ते वाचा.”

पंतांनी वाचलं. “‘…घरधनी पुरुषांस व…’” ते अडखळले. खळगा ओलांडून नजर पुढं गेली. “‘…विधवांस.’”

“कुठल्या विधवांस?”

“तसं काही लिहिलेलं नाही, सरकार.”

“आणि ही बाई कोण?”

“विधवा आहे, सरकार.”

“मग तिला बोलू द्या.”

येसू बोलली. हेवा केला हे लपवलं नाही, आणि मनातलं सगळं बाहेर काढलं. राजानं ऐकून घेतलं आणि साळूला विचारलं, “गुन्हा तुझा झालाय. पुढं काय करायचं ते तू सांग.”

साळू उठली. “नाव परत कोरा माझ्या वाड्याचं. दोन पावसाळे मी चिखल उचलला सरकार. ही तेव्हा कुठं होती? हिला फुकट का मिळावं?”

“उद्या सकाळी ही तुझ्यादेखत कोरून देईल,” राजा म्हणाला.

सकाळी येसूला शिळेपाशी उभं केलं. खळग्याशेजारची जागा घासून कारकुनानं गेरू लावला. साळू आली आणि थबकली. पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या, सगळ्या विधवा. तेल्याची एक होती, कोष्ट्यांच्या दोघी, वेशीजवळच्या न्हाव्याची म्हातारी, आणखीही. आदल्या दिवशीचं वाचन कानावर पडलं तशी जी ती आपलं गाऱ्हाणं घेऊन पहाटेच येऊन बसली होती. कुणी साळूकडं बघून हात जोडले. कुणाला ती कोण हेही ठाऊक नव्हतं.

साळूनं एकेकीकडं पाहिलं. मग तिनं येसूच्या हातातली छिन्नी काढून घेतली.

“राहू दे खळगा.”

“का?” येसूनं विचारलं.

“एवढ्यांना घरी जा म्हणायला माझी जीभ वळत न्हाई,” साळू म्हणाली. “तुला एकटीला म्हटलं असतं.”

साळूला तिचा आवा मिळाला. येसूला त्या शिळेला पुन्हा छिन्नी लावायची बंदी झाली. पण पुढं देवळातल्या कमळांखाली तिचं नाव लागलं. दोघी शेवटपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत म्हणे. साळूच्या आव्याचा धूर दिसला की येसू दार लोटून घ्यायची.

तेव्हापासून रीत पडली की सनदेत भर घालायची नाही, अडवणारा शब्द काढायचा. पुढच्या काळात कुळांनी ‘घरधनी’ काढायला लावला. बायकांनी ‘पुरुषांस’ काढायला लावला. त्यानंतर ‘विधवांस’ला काही काम उरलं नाही, म्हणून तोही गेला. सगळ्यात उशिरा, फार भांडणानंतर, वेशीबाहेरच्या वस्त्यांनी ‘गावकुसातील’ फोडला. दर वेळी कुणाच्या तरी मनात दुसऱ्याला मिळालेलं सलत होतं, आणि ज्यांना आधी मिळालं होतं त्यांनी दर वेळी कुरकुर केली.

आजही माघी दशमीला शिळेचं वाचन होतं. वाचणारा प्रत्येक खळग्यापाशी थांबतो. त्या शांततेत कुणीही, कुठूनही विचारावं, “आणि आम्ही?” विचारणाऱ्याला पुढं बोलावून सगळ्यांसमोर त्याचं म्हणणं मांडू द्यायचं, असा दंडक आहे. गेल्या माघात पहिल्याच, ‘गावकुसातील’च्या खळग्यापाशी पार मागून, झाडाखालून, आवाज आला. ऊसतोडीला आलेली एक बाई होती, चार महिने राहून जाणारी. पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. काहींच्या कपाळावर आठ्या होत्या. “ह्यांना कशाला?” असं कुणीतरी पुटपुटलंसुद्धा. मग एक सरकली. तिच्या शेजारची सरकली. आणि त्या बाईला पुढं यायला वाट झाली.