कातळाला मारलेली मिठी

डोंगर आजच्याहून तरुण होते, तेव्हाची ही गोष्ट. दरड कोसळली आणि सशाची घरची वाट बंद झाली. खालच्या कुरणात त्याची पिल्लं एकटी होती. तिकडे जायला आता फक्त ओढा उरला होता, अरुंद, उभ्या उताराचा, कातळांवरून फेसाळत उड्या घेणारा. सशाने पाणमांजरीकडे तिची छोटी होडी मागितली.

"पोहता येतं का रे, लांबकान्या?" तिने विचारलं.

"नाही. पण पिल्लं वाट बघत असतील."

पाणमांजरीने होडी त्याच्यापुढे ओढून आणली.

वरच्या उड्या होडीने झेलल्या. पुढच्या वळणावर मात्र पाण्याने तिला आडवं केलं आणि एका मोठ्या कातळावर नेऊन दाबलं. ससा घाबरून कातळापासून लांब कलला. तशी होडीची प्रवाहाकडची बाजू खाली गेली आणि पाणी आत शिरू लागलं.

"माझ्याकडे झुक!" कातळ म्हणाला.

"चिरडाल मला!"

"मी कुठं हलतोय, बाळा? ओढतंय ते पाणी. ये, मला मिठी मार."

सशाने कातळाला घट्ट मिठी मारली. बुडणारी बाजू वर आली, पाणी होडीखालून वाहू लागलं, आणि होडी कातळाला घासत त्याच्या पाठीमागे शिरली. तिथे पाणी निवांत होतं. दम खाऊन सशाने पुन्हा वल्हं उचललं.

संध्याकाळी पिल्लं त्याचा खरचटलेला गाल चाटत होती.

"बाबा, हे कशानं झालं?"

"एका आजोबांना मिठी मारली," ससा म्हणाला.